उजवीकडची सीट

माझी वहिनी सोफे, गाद्या आणि गाड्यांच्या सीटा शिवते. चाळीस वर्षं तेच करतेय. तिच्या दुकानात शिरलं की आधी फोमचा भुगा नाकात जातो, मग जाड सुईच्या मशीनची खडखड ऐकू येते आणि मग ती दिसते. गळ्यात टेप, तोंडात दोन बारीक खिळे आणि कोणाच्या तरी सोफ्याच्या पोटात कोपरापर्यंत घातलेला हात. तोंडात खिळे असल्यामुळे ती कामाच्या वेळी बोलत नाही. दुपारी खिळे काढते, तेव्हाही फारसं बोलत नाही. आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे.

मी स्वतः वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनं पडताळायची आणि बरोबर निघाली तर शिक्का मारायचा. एकतीस वर्षांत मी न तपासता एकही शिक्का मारला नाही. दुकानदार म्हणायचे, साहेब, दरवर्षी तोच तराजू, त्यात बघायचं काय? मी स्टूल ओढून बसायचो आणि बघायचो. हे आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढे माझी चांगलीच जिरणार आहे.

वहिनी विमान चालवते, हे लोकांना सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे बघतात, म्हणजे मी थट्टा करतोय की काय हे कळावं म्हणून. थट्टा नाही. झालं असं की वीसेक वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांनी दोन छोट्या सीटा दुकानात आणून टाकल्या. भिजलेल्या, कुबट वास मारणाऱ्या. वहिनीने विचारलं, गाडीच्या सीटा इतक्या भिजल्या कशा? डॉक्टर म्हणाले, गाडीच्या नाहीत, विमानाच्या आहेत, आणि ते विमान पाण्यावर उतरतं. वहिनीचा विश्वास बसला नाही. माप घ्यायला म्हणून ती तलावावर गेली आणि संध्याकाळी भिजलेल्या चपला हातात घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता तिने दादाला सांगितलं की मला हे शिकायचंय. तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा. शहरबसवर ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "शीक." एवढंच. माझ्या मते त्याने निदान दोन प्रश्न तरी विचारायला हवे होते. मी चौदा विचारले. एकालाही धड उत्तर मिळालं नाही.

शिकायला तिला तीन वर्षं लागली, कारण दुकान सांभाळून शिकायचं होतं. मग कोणीतरी अर्धवट बांधून सोडून दिलेलं एक छोटं विमान दोघांनी आणलं आणि दुकानामागच्या शेडमध्ये सहा वर्षं बसून पुरं केलं. दादा ड्यूटीवरून आला की हात धुवून थेट शेडमध्ये. जेवणाचं ताट मी नेऊन द्यायचो आणि जाता-येता सूचनाही द्यायचो. सीटा अर्थातच वहिनीने शिवल्या. निळ्या रेक्झिनच्या, दुहेरी टाक्याच्या.

आता हे विमान कसं असतं ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्याचं पोट होडीसारखं असतं आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना चाकं असतात. ती वर दुमडून घेता येतात. दोन सीटांच्या मध्ये एक दांडा आहे, तो ओढला की चाकं वर, ढकलला की खाली. धावपट्टीवर उतरायचं तर चाकं खाली हवीत आणि पाण्यावर उतरायचं तर वर. धावपट्टीवर चाकं खाली घ्यायला विसरलात तर पोट खरवडतं, विमान घसरत जाऊन थांबतं आणि चार लोकांत शोभा होते. पाण्यावर चाकं वर घ्यायला विसरलात तर मात्र ती पाण्यात रुततात आणि विमान नाकावर कोलांटी खाऊन उलटं पडतं. माणसं आत, डोकं खाली, पाण्यात. ही चूक दुसऱ्या कुठल्याही वैमानिकाच्या हातून होऊ शकत नाही, फक्त अशी विमानं चालवणाऱ्यांच्याच.

म्हणून उतरण्याआधी पायलट मोठ्याने विचारतो, "चाकं?" आमच्या विमानात उजव्या पंखाखाली एक गोल आरसा लावलेला आहे. त्यात चाकं दिसतात, पण फक्त उजवीकडच्या सीटवरून. त्या सीटवर बसलेल्याने आरशात बघून सांगायचं, "वर" किंवा "खाली". दांडा सांगतो तुम्ही काय ठरवलंत, आरसा सांगतो काय झालंय. ही पद्धत मला पहिल्यापासून पसंत होती. आमच्या खात्यात चालली असती.

उजवीकडच्या सीटवर नेहमी दादा असायचा. नऊ वर्षं तोच. वहिनी म्हणायची "चाकं?", तो म्हणायचा "वर". दोघं घरातही असंच बोलायची, एकेका शब्दात.

डॉक्टरांनी अशी विमानं असलेल्यांचा एक गट जमवला होता. दरवर्षी नऊ विमानं मिळून देश आडवा पार करायची, पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत, सहा दिवसांत. वाटेत कधी गवताच्या धावपट्टीवर, कधी तलावात, कधी धरणाच्या पाण्यात उतरत जायचं. डॉक्टर एक नंबरवर आणि वहिनी दोन नंबरवर. डॉक्टरांना काही झालं तर पुढे तिने न्यायचं, असा त्याचा अर्थ. दुकानाच्या भिंतीवर परवान्याशेजारी तिने त्या नऊ विमानांचा फोटो लावला होता. स्वतःचा फोटो तिने कुठेच लावलेला नाही, म्हणून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, अशाच एका सफरीत, ती चाकं खाली ठेवून तलावात उतरली. विमान उलटलं. वहिनीने आधी स्वतःचा पट्टा सोडला आणि मग चाचपडत दादाचा. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. ती त्याला धरून वर आली. दोघं जिवानिशी सुटली, विमानही नंतर दुरुस्त झालं. गटाच्या बैठकीत तिने उभं राहून सांगितलं की चूक माझी आहे, दांडा माझ्या हाताखाली होता. मग ती खाली बसली. त्यापुढे त्या विषयावर ती कोणाशी एक अक्षर बोलली नाही आणि दादाही बोलला नाही.

त्यानंतर दादा त्या विमानात बसला नाही. खांदा बरा झाला, गाडीही तो पूर्वीसारखी चालवायला लागला, पण विमानात नाही. लोकांना आयताच विषय मिळाला. नवऱ्याचाच विश्वास राहिला नाही, असं गल्लीत म्हणायला लागले. गटातही म्हणायला लागले, जरा दबक्या आवाजात. खोटं कशाला सांगू, मीही मनात तेच म्हणत होतो.

डॉक्टर चांगला माणूस, पण दात किडलेला दिसला की सोडत नाही. एक वर्ष त्यांनी तिला घरी बसवलं. मग यंदा या म्हणाले, पण तीन अटींवर. नऊ नंबरवर यायचं, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी. विमान एकटीने आणायचं नाही, उजवीकडे कोणीतरी हवं. आणि तिच्या विमानातलं "चाकं?" रेडिओवर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं, तेही दोनदा. एकदा विचारायचं, उत्तर घ्यायचं, परत विचारायचं, परत उत्तर घ्यायचं. बाकीचे आठजण एकदाच आणि आपापल्या विमानात. वहिनी म्हणाली, ठीक आहे. घरी येऊन तिने दोन दिवस कोणाच्या तरी आरामखुर्चीला इतक्या जोरात खिळे मारले की शेजारचा शिंपी विचारायला आला.

उजवीकडे कोण बसणार, हा प्रश्न होता. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. वहिनीने दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, मी व्हॅन चालवतो, पेट्रोल आणि तंबू कोणीतरी न्यायला हवेतच. वहिनीने वाटीत वरण वाढून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

मला पोहता येत नाही. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या क्षणी मला दादाचा इतका राग आला होता की मी हो म्हणून बसलो.

पहिल्या दिवशी मी जीव मुठीत धरून बसलो होतो. सीट मात्र छान होती. समुद्रावरून उठलो तेव्हा पुढे आठ ठिपके दिसत होते आणि खाली रस्त्यावर आमची पांढरी व्हॅन. वर इंजिनचा एवढा आवाज असतो की कानावर हेडफोन लावूनच बोलावं लागतं. मी बराच वेळ बोललो. वहिनीने हळूच हात पुढे करून माझ्या हेडफोनचा आवाज कमी केला. तिला वाटलं त्यामुळे मी गप्प होईन.

"चाकं?"

मी मान वाकडी करून आरशात नीट बघितलं. उजवं चाक वर, डावं चाक वर. "वर," मी म्हणालो.

"चाकं?"

परत बघितलं. "वर."

आम्ही पाण्यावर उतरलो. वाटलं होतं त्याच्या निम्माही धक्का बसला नाही. मग मला चेव आला. पुढचे तीन दिवस मी डोळ्यांत तेल घालून आरसा बघत होतो. दिवसाला चार वेळा उतरायचं, प्रत्येक वेळी दोनदा बघायचं. रेडिओवर आमचं ऐकून बाकीचे कंटाळले असतील, पण मला मजा येत होती. निवृत्तीनंतर इतकं जबाबदारीचं काम कोणी दिलं नव्हतं.

दुपारी जिथे थांबायचो तिथे दादा आधीच येऊन उभा असायचा. तो वहिनीला पाण्याची बाटली द्यायचा, विमानाला पेट्रोल भरायचा, काचा पुसायचा, पंखाखालचा आरसा तर दोन-दोनदा पुसायचा. आत डोकावायचा नाही. उजवीकडच्या सीटवर माझी टोपी राहिली तर ती मलाच काढून आणायला सांगायचा.

पाचव्या दिवशी आम्ही सकाळी एका गवताच्या धावपट्टीवरून उठलो. रात्री तिथे पाणी साचलं होतं, चाकं चिखलाने बरबटली होती. वहिनी म्हणाली, जरा वेळ खालीच राहू दे, वाऱ्याने चिखल वाळून पडेल, नाहीतर आत जाऊन बसेल. हे बरोबरच होतं. पुढचा मुक्काम धरणाच्या पाण्यात, जेमतेम पंधरा मिनिटांवर. तेवढ्यात डॉक्टरांनी रेडिओवर सांगितलं की पाण्यात मासेमारीच्या होड्या आहेत, डावीकडून वळा. वहिनी होड्या बघत होती. मीही होड्या बघत होतो. एकीत एक माणूस उभा राहून आम्हाला हात करत होता. मी त्याला हात केला.

"चाकं?"

"वर," मी म्हणालो.

"चाकं?"

"वर."

पाणी अगदी जवळ आलं होतं. वहिनीचा हात दांड्याकडे गेला आणि तिथेच थांबला. ती म्हणाली, "भावोजी, आरशात काय दिसतंय?"

मी बघितलं. आरशात दोन चाकं लोंबत होती. एकावर अजून गवत चिकटलेलं होतं.

तिने इंजिनचा जोर वाढवला आणि विमान वर काढलं. होडीतला माणूस खाली वाकला. मी काय बोललो ते मला आठवत नाही, पण त्या सफरीत पहिल्यांदाच फार थोडं बोललो, हे नक्की. एकतीस वर्षं न बघता शिक्का न मारणाऱ्या माणसाने पाच दिवसांत तोंडपाठ "वर" म्हणायला सुरुवात केली होती, आणि एकदा नाही, दोनदा. जीभ आपली आपण बोलली होती. बघितलं नाही असं मला त्या वेळी वाटलंसुद्धा नव्हतं.

एक फेरी मारून, चाकं वर घेऊन, आम्ही उतरलो. रेडिओवर सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. काठावर डॉक्टर वाट बघत उभे होते. मी घाईघाईने सांगितलं की चूक माझी, मीच न बघता बोललो. डॉक्टरांनी माझं ऐकून घेतलं आणि वहिनीला विचारलं, चाकं खाली आहेत हे लक्षात होतं का? ती म्हणाली, नाही, होड्या बघता बघता विसरले, शेवटी हात लागला तेव्हा कळलं. ती अशीच आहे. एखादा शब्द कमी बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही.

दुपारच्या चहानंतर डॉक्टरांनी निर्णय सांगितला. उद्या शेवटचा टप्पा, खाडीत उतरायचं. आठ विमानं खाडीत उतरतील. नऊ नंबरने खाडीच्या अलीकडच्या विमानतळावर, धावपट्टीवर उतरायचं आणि तिथून व्हॅनने यायचं. पुढच्या वर्षीचं नंतर बघू, असंही म्हणाले. पुढच्या वर्षीचं नंतर बघू म्हणजे काय, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. वहिनीने मान डोलावली आणि चाकांवरचा चिखल धुवायला गेली.

मी दादाकडे गेलो. तो व्हॅनच्या मागे पेट्रोलचे रिकामे कॅन दोरीने बांधत होता. मला त्याला खडसावायचं होतं. तू तिच्या शेजारी बसला असतास तर हे झालंच नसतं, असं वाक्य मी येता येता जुळवून ठेवलं होतं. पण तोंडातून निघालं दुसरंच.

"दादा, मी आज न बघता बोललो. दोनदा. बघितलं असंच वाटत होतं मला."

"ऐकलं मी रेडिओवर," तो म्हणाला.

त्याने दोरीची गाठ मारली, सोडली, परत मारली. मग तो कॅनवर बसला.

"त्या दिवशी मीही बघितलं नव्हतं," तो म्हणाला. "नऊ वर्षं 'वर' म्हणत होतो. तेव्हाही म्हणालो. बस चालवताना कधी आरसा चुकवला नाही मी, आणि तिथे चुकवला."

मी म्हणालो, निदान माझ्या वेळी तिला संशय तरी आला.

"तुला तिने परत विचारलं," दादा म्हणाला. "मला नव्हतं विचारलं. माझं एकदा सांगितलेलं तिला पुरत होतं."

तो मोठा भाऊ आहे. मी त्याला रडताना लहानपणीही बघितलं नव्हतं आणि त्या दिवशीही तो रडला नाही. पण मला त्याच्याकडे बघवेना. दोन वर्षं मी त्याच्यावर मनातल्या मनात दात खात होतो की याचा बायकोवर विश्वास नाही. त्याचा विश्वास स्वतःवरचाच उडाला होता. आणि वहिनीला गल्लीने, गटाने आणि मी जे काही बोलायचं ते बोलून घेतलं होतं, आणि हा मूग गिळून बसला होता. मला कीवही आली आणि संतापही आला, दोन्ही एकदमच.

मी तसाच वहिनीकडे गेलो. ती गुडघ्यांपर्यंत पाण्यात उभी राहून ब्रशने चाक घासत होती. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"मी शेजारीच होते ना, भावोजी."

मग सांगितलं का नाही, म्हणून मी आवाज चढवला. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांगतो म्हणालो. तिने ब्रश थांबवला.

"विमान माझ्या हातात होतं. दांडा मी बघायला हवा होता. ती चूक माझी आणि ती मी सांगितली. उरलेलं त्यांचं आहे. ते त्यांनी सांगायचं, तुम्ही नाही."

एवढं बोलून तिने ब्रश माझ्या हातात दिला आणि दुसरं चाक दाखवलं. मी ते घासलं.

सकाळी खाडीकडे धुकं होतं. धरणाच्या काठावरच्या कँटीनमध्ये सगळे बैठकीला जमले. मोडकी टेबलं, पत्र्याच्या खुर्च्या, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. डॉक्टरांनी नकाशा पसरून क्रम वाचला. एक ते आठ खाडीत. नऊ धावपट्टीवर. कोणाला काही विचारायचंय का, असं त्यांनी रोजच्यासारखं विचारलं.

दादा दाराजवळ थर्मास घेऊन उभा होता. चहा द्यायला आला होता. त्याने थर्मास टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मला सांगायचंय. दोन वर्षांपूर्वी आरसा माझ्याकडे होता. तिने विचारलं आणि मी न बघता 'वर' म्हणालो. चाकं खाली होती. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

पाव-बिस्किटांची बेकरी चालवणारा सात नंबर खाली बघायला लागला. त्यानेच गटात सगळ्यात जास्त कुजबुज केली होती. वहिनी नकाशाकडे बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते. ती चाळीस वर्षांपूर्वी लग्नात उभी होती तेव्हाही तिचे कान असेच लाल झाले होते. तेव्हा मी शेजारी उभा होतो म्हणून आठवतं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. ते म्हणाले, तरीही पायलटने दांडा बघायला हवा होता. वहिनी म्हणाली, बरोबर आहे. डॉक्टरांनी चष्मा परत घातला आणि विचारलं, "आज उजवीकडे कोण?"

दादाने माझ्याकडे बघितलं. व्हॅनची किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात होती. ती त्याने काढून माझ्यासमोर ठेवली.

"मी," तो म्हणाला.

डॉक्टर थोडा वेळ नकाशावर पेन्सिल आपटत राहिले. मग म्हणाले, ठीक आहे, नऊही विमानं खाडीत. पण नऊ नंबरचा नियम तोच. रेडिओवर आणि दोनदा. एकदा जरी कमी झालं तरी पुढच्या वर्षी घरी. वहिनी म्हणाली, ठीक आहे.

धुकं निवळेपर्यंत विमानं थांबणार होती, म्हणून मी व्हॅन घेऊन आधीच निघालो. तीन तासांचा रस्ता मी अडीच तासांत कापला, हे दादाला सांगू नका. खाडीच्या काठावर लाकडी धक्का होता. तिथे व्हॅन लावली, रेडिओ लावला आणि पायऱ्यांवर बसलो. माझी टोपी विमानातच राहिली होती. ऊन डोक्यावर आलं होतं.

एकेक विमान आलं. डॉक्टर उतरले, मग दोन, मग तीन. पाण्यावर एकेक पांढरी रेघ उठायची आणि विझायची. आठवं उतरलं. मग बराच वेळ आकाशात काहीच नव्हतं आणि मला वाटायला लागलं की दादाने ऐनवेळी कच खाल्ली. तेवढ्यात डोंगराच्या बाजूने ते निळ्या पट्ट्याचं विमान वळलं. धक्क्यावर आठही पायलट आपापले हेडफोन हातात घेऊन उभे राहिले. माझ्या शेजारी डॉक्टर.

रेडिओ खरखरला.

"चाकं?" वहिनीचा आवाज.

उत्तर आलं नाही. विमान खाली येत होतं. मी पायऱ्यांवरून उठून उभा राहिलो. सात नंबरने काहीतरी पुटपुटलं आणि डॉक्टरांनी त्याला हाताने गप्प केलं.

"थांब," दादाचा आवाज आला. "बघतोय."

परत नुसती खरखर. तो आरशात किती वेळ बघत होता देव जाणे. दोन वर्षांचं बघणं त्याला एकदम बघायचं असेल.

"उजवं वर आहे," तो म्हणाला. "डावं वर आहे. डोळ्यांनी बघून सांगतोय."

आता तिने परत विचारायचं होतं. आम्ही सगळे वाट बघत होतो. मी नियमाचा माणूस आहे, माझ्या ओठांवर तो शब्द येऊन बसला होता. दांडा तिने बघितलाच असणार, कोणाच्या नुसत्या शब्दावर ती आता विमान उतरवत नाही. पण नियम म्हणजे नियम, आणि पुढचं वर्ष त्याच्यावर होतं. रेडिओचं बटण दाबलेलंच होतं, इंजिनचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. विमान पाण्याजवळ आलं, पाण्याला टेकलं, मागे लांब रेघ उमटली आणि ते होडीसारखं धक्क्याकडे यायला लागलं.

तिने परत विचारलं नाही.

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी क्रमाचा कागद काढला होता, त्यावर प्रत्येक विमानापुढे ते खूण करत होते. नऊ नंबरपाशी त्यांची पेन्सिल थांबली. मग त्यांनी बाकीच्या आठांपुढे केली होती तशीच खूण केली, कागदाची घडी घातली आणि मला म्हणाले की जा, दोर धरा, ती दोघं धक्क्याला लागतायत.